‘केलें’ आणि ‘करीत असे’

व्याकरण हा विषय रुक्ष आहे, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत शाळेंत असतांनाच होते आणि ती पुढें सहसा बदलत नाहीं. आमचीहि समजूत फारशी निराळी नव्हती. भाषा शिकावी ती तिच्यांतील ग्रंथांसाठीं. व्याकरण हा त्या वाटेवरील जकातनाका, जकात भरावी आणि पुढें जावें, असें आम्ही मानीत होतों. परंतु पन्नाशी उलटल्यावर, मिगेल दे उनामुनो या स्पॅनिश विचारवंताचे निबंध मूळ भाषेंत वाचावे या लोभानें आम्ही स्पॅनिशच्या संध्याकाळच्या वर्गास जाऊं लागलों, तेव्हां या नाक्यावरच आमचा खोळंबा झाला. आणि तोहि कोठें, तर ज्याला सर्व विद्यार्थी त्या भाषेंतील सर्वांत सोपें प्रकरण म्हणतात तेथें. तें प्रकरण म्हणजे नियमित क्रियापदांचा अपूर्ण भूतकाळ होय. या भूतकाळानें आमच्यापुढें नीतीचा एक प्रश्न उभा केला. माणसाची पारख त्यानें काय केलें यावरून करावी, कीं तो काय करीत असे यावरून करावी?

प्रथम हें प्रकरण काय आहे तें वाचकांस सांगितलें पाहिजे. स्पॅनिश क्रियापदें ‘आर’, ‘एर’ आणि ‘इर’ अशा तीन शेवटांचीं असतात. ‘आब्लार’ म्हणजे बोलणें, ‘कोमेर’ म्हणजे जेवणें, ‘बिबिर’ म्हणजे राहणें किंवा जगणें. पहिल्या वर्गाच्या धातूला ‘आबा’ लावावें आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या धातूंना ‘ईआ’ लावावें, कीं काम झालें: आब्लाबा, कोमीआ, बिबीआ. कर्ता ‘तूं’ असेल तर आब्लाबास, ‘आम्ही’ असेल तर आब्लाबामोस, ‘ते’ असतील तर आब्लाबान. कोमीआस, कोमीआमोस, कोमीआन हींहि त्याच धर्तीचीं. ‘मी’ आणि ‘तो’ यांचें रूप मात्र एकच. ‘आब्लाबा’ म्हणजे मीहि आणि तोहि. आणि स्पॅनिश माणूस सर्वनाम बहुधा गाळतो, त्यामुळें कोण बोलत असे हें मागच्यापुढच्या संदर्भावरून ओळखावें लागतें. या काळांत नियम मोडणारीं क्रियापदें साऱ्या भाषेंत तीनच आहेत: असणें, जाणें आणि पाहणें. साध्या भूतकाळांत जीं विद्यार्थ्याला रडवितात तीं इतर सर्व क्रियापदें येथें गरीब गाईसारखीं वागतात. हा ‘आबा’ थेट लॅटिनमधून आलेला आहे. लॅटिनमध्यें ‘आमाबाम’ होतें, त्याचें स्पॅनिशांत ‘आमाबा’ झालें. गोव्यांत १९६१ पर्यंत जी राज्यभाषा होती त्या पोर्तुगीजमध्यें हाच प्रत्यय ‘आव्हा’ असा ऐकूं येतो, आणि तिकडील जुन्या घरांतून वाढलेल्या आमच्या वाचकांस तो ओळखीचा वाटेल.

परंतु रूप सोपें असलें म्हणून अर्थ सोपा असतो असें नाहीं. होऊन गेलेली गोष्ट सांगण्याच्या स्पॅनिश माणसाजवळ दोन मुख्य वाटा आहेत, आणि तोंड उघडतांच त्याला त्यांतील एक धरावी लागते. गोष्ट घडली व संपली, आपण तिच्या बाहेर उभे राहून तिचीं दोन्ही टोकें पाहत आहों, असें असेल तर ‘आब्लो’, म्हणजे तो बोलला. तिचा आरंभ कोठें व शेवट कोठें हा विचारच मनांत नाहीं, आपण जणूं तिच्या आंत उभे आहों, असें असेल तर ‘आब्लाबा’, म्हणजे तो बोलत होता, किंवा तो बोलत असे. आंतोनियो दे नेब्रिहा यानें १४९२ सालीं कॅस्तिली भाषेचें पहिलें छापील व्याकरण सालामांका येथें प्रसिद्ध केलें, त्यांत त्यानें या काळास ‘न संपलेला भूतकाळ’ असें नांव दिलें. पुढें १८४७ मध्यें आंद्रेस बेल्यो या पंडितानें, जो काराकास येथें जन्मला आणि चिली देशांत स्थायिक झाला, अमेरिका खंडांतील लोकांसाठीं स्पॅनिश व्याकरण लिहिलें. त्यानें याच काळाला ‘सहभूत’ अशा अर्थाचें नांव दिलें, कारण दुसरी एखादी गोष्ट घडली त्या वेळीं जी तिच्यासोबत चाललेली होती, ती हा काळ सांगतो. शास्त्र म्हणून बेल्योचें नांव अधिक काटेकोर आहे यांत शंका नाहीं. परंतु आमचें मन नेब्रिहाच्या बाजूस जातें. जें होऊन गेलें तें न संपलेलें कसें, अशी शंका एखादा तर्कशास्त्री काढील. ज्यानें आपलें बालपण कधीं आठवलें आहे तो काढणार नाहीं.

मराठी वाचकास यांत नवें कांहींच वाटणार नाहीं, आणि तेंच आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. ‘तो गेला’ आणि ‘तो जात असे’ हा भेद आपण आईच्या मांडीवर शिकतों. आपल्याकडे तर ‘करी’, ‘म्हणे’, ‘येई’ अशीं एकेरी, डौलदार रूपेंहि आहेत. आपले वैयाकरण यास रीतिभूतकाळ म्हणतात. स्पॅनिश भाषा ‘खेळत होता’ आणि ‘खेळत असे’ या दोहोंना एकाच पिशवींत घालते, आपण त्यांस वेगळें ठेवतों, एवढाच काय तो फरक. पण आम्हां इंग्रजी शिकलेल्यांचें येथें एक दुर्दैव आहे. इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्हीं कामें मुकाट्यानें करतो; घटना एकदां घडली कीं शंभरदां, हें त्यांत सांगावेंच लागत नाहीं. सवय दाखविण्याचे शब्द इंग्रजीजवळ आहेत, परंतु ते वापरण्याची सक्ति नाहीं. तीस-पस्तीस वर्षें त्या भाषेंत वाचून, शिकवून आणि मनांतल्या मनांत बोलून आमच्या आईनें दिलेला भेद आम्ही हरवून बसलों होतों, आणि तो आम्हांला परत मिळाला स्पॅनिशच्या बालबोध पुस्तकांत.

या काळाचें सामर्थ्य किती आहे तें एका आख्यायिकेवरून कळेल. फ्राय लुईस दे लेऑन हा सोळाव्या शतकांतील ऑगस्टिनियन पंथाचा साधु, मोठा कवि आणि सालामांका विद्यापीठांत प्राध्यापक होता. बायबलच्या मान्य लॅटिन भाषांतराहून मूळ हिब्रूस तो अधिक मान देतो, सॉलोमनचें गीत त्यानें लोकभाषेंत आणलें, अशा आरोपांवरून १५७२ च्या मार्च महिन्यांत धर्मन्यायासनानें त्यास धरलें, आणि बाय्यादोलिदच्या तुरुंगांत त्याला जवळ जवळ पांच वर्षें कोंडून ठेवलें. १५७६ च्या डिसेंबरांत तो सुटला. पुन्हां शिकविण्यासाठीं तो वर्गांत आला तेव्हां आतां हा काय बोलतो याकडे सर्वांचे कान लागले होते, आणि त्यानें सुरुवात केली ती ‘देथीआमोस आयेर’ या दोन शब्दांनीं: काल आपण म्हणत होतों. ही गोष्ट पुष्कळ उशिरां लिहिली गेली आहे आणि ती जशीच्या तशी घडली असें इतिहासकार मानीत नाहींत. तो बोलला असल्यास लॅटिनमध्यें बोलला असेल, हेंहि खरें. पण लॅटिनमध्येंहि हा काळ अपूर्णच आहे. सालामांक्यास त्याच्या नांवाचें तें दालन, तासून काढलेल्या ओबडधोबड लांकडी बाकांसह, अजून राखून ठेवलेलें आहे.

‘देथीर’ म्हणजे म्हणणें, हें क्रियापद वर्तमानांत, साध्या भूतांत, भविष्यांत, सगळीकडे वांकडें चालतें. या एका काळांत मात्र तें नियमानें वागतें. या वाक्यांतील सारें बळ त्या ‘ईआमोस’मध्यें आहे. त्यानें साधा भूतकाळ वापरून ‘काल आपण म्हटलें’ असें म्हटलें असतें, तर तें म्हणणें काल संपलें असतें, आणि मग मध्यें काय झालें हा प्रश्न साहजिकच निघाला असता. ‘म्हणत होतों’ या शब्दांनीं वाक्य अजून तोंडांतच राहिलें. न्यायासनानें जें केलें तें केलें. तें एकदां घडलें, त्याला आरंभ होता आणि शेवटहि झाला. मी जें करीत होतों त्याला शेवट नव्हता. पांच वर्षांत त्या बाकांवरचे विद्यार्थी बहुतेक सगळे बदलले असतील, तरी ‘आपण’ म्हणतांना त्याची जीभ अडखळली नाहीं! उनामुनो हा त्याच विद्यापीठाचा प्राध्यापक. १९२४ मध्यें हुकूमशहानें त्यास हद्दपार केलें आणि १९३० मध्यें तो परतला, तेव्हां त्यानेंहि हेच शब्द उच्चारले असें सांगतात. त्यास तसा अधिकारहि होता. वर्तमानपत्रें ज्यांची नोंद करतात त्या घटना समुद्रावरच्या लाटा होत. खालीं जो अथांग, मुका समुद्र आहे, म्हणजे रोज सूर्याबरोबर उठून आपापल्या कामास लागणारीं जीं कोट्यवधि माणसें, त्यांत खरा इतिहास आहे, असा विचार त्यानें आपल्या १८९५ मधील निबंधांत मांडला होता. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर लाटा साध्या भूतकाळांत असतात आणि समुद्र अपूर्ण भूतकाळांत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अॅरिस्टॉटलपासून नीतिशास्त्राचा एक मोठा संप्रदाय असें म्हणत आला आहे कीं, शील म्हणजे सवय. वारंवार केलेल्या कृत्यांनीं माणूस घडतो, म्हणून तो कसा वागत असे हेंच पाहावें. मराठीचें व्याकरण या मतास मोठी मौजेची साक्ष देतें. ‘त्यानें चोरी केली’ या वाक्यांत क्रियापद चोरीच्या मागें जातें, माणूस तृतीया विभक्तींत एका बाजूस उभा राहतो, जणूं तो केवळ साधन आहे. ‘तो चोरी करी’ असें म्हणतांच माणूस प्रथमेंत येतो आणि क्रियापद त्याच्या मागें चालूं लागतें. एका कृत्यांत कृत्य मुख्य, रीतींत माणूस मुख्य. हा नियम कांहीं नीतिशास्त्र शिकविण्यासाठीं झालेला नाहीं, भाषेच्या लांबच्या इतिहासांतून तो आपोआप घडला. तरीसुद्धां त्याकडे पाहून आम्हांला थोडा वेळ थांबावेंसें वाटलें.

पण हें मत सरसकट स्वीकारतां येत नाहीं. कांहीं कृत्यें अशीं आहेत कीं, तीं एकदांच पुरे होतात. ‘तो खून करी’ असें आपण म्हणत नाहीं. एका खुनानें माणूस खुनी ठरतो आणि त्याच्या चाळीस वर्षांच्या सौजन्याचा जमाखर्च तेथें चालत नाहीं. बुडणाऱ्या मुलासाठीं विहिरींत उडी टाकणारानें ती एकदांच टाकलेली असते. तेव्हां दोन्ही काळ हवेत. आमच्या मतें अन्याय होतो तो एका काळाला दुसऱ्याहून मोठें मानल्यानें नव्हे, तर एका काळांतली गोष्ट उचलून दुसऱ्या काळांत ठेवल्यानें. आणि हा अन्याय आपण सारे उठल्यासुटल्या करीत असतों. कोणी एकदां उशिरां आला कीं ‘तो नेहमींच उशिरां येतो’. सुनेनें एका सणास तोंड वर करून उत्तर दिलें कीं ‘ती उलटून बोलत असे’, आणि हें वाक्य ती साठीची झाली तरी घरांत फिरत राहतें. उलट, ज्यानें वर्षानुवर्षें लांच खाल्ली तो पकडला गेला म्हणजे ‘हातून चूक झाली’ म्हणतो. एकवचन, साधा भूतकाळ, आणि वर ‘हातून’! शोकसभेंत तर सगळाच रीतिभूतकाळ चालतो. मृतानें एका गरीब विद्यार्थ्याची एकदां फी भरली असेल तर ‘ते गरिबांना मदत करीत’ असें आम्हींहि व्यासपीठावरून सांगितलेलें आहे. पहिली चहाडी, दुसरी सारवासारव, तिसरी भीड. तिन्हींत खोटा शब्द एकहि नाहीं, खोटा आहे तो फक्त काळ.

स्पॅनिश भाषेंत कांहीं क्रियापदांचा अर्थच या बदलानें पालटतो, आणि तीं नेमकीं नीतीच्या कामाचीं आहेत. ‘साबेर’ म्हणजे जाणणें. अपूर्ण भूतकाळांत ‘साबीआ’ म्हणजे मला ठाऊक होतें. साध्या भूतकाळांत ‘सूपे’ म्हणजे मला कळलें. तुला ठाऊक होतें का, आणि तुला केव्हां कळलें, हे दोन प्रश्न न्यायालयांत किती निराळे आहेत तें वकील मंडळींस सांगावयास नको. ‘केरेर’ म्हणजे इच्छिणें. ‘नो केरीआ’ म्हणजे माझी इच्छा नव्हती. ‘नो कीसे’ म्हणजे मीं नकार दिला. मनांत नसणें ही एक अवस्था आहे, तींत माणूस कितीहि काळ सुखानें राहूं शकतो. नकार द्यावयाचा म्हणजे एका विवक्षित क्षणीं तोंड उघडावें लागतें. आपल्या आयुष्यांतील पुष्कळशा भ्याडपणाची कैफियत ‘माझी इच्छा नव्हती’ एवढीच असते.

येथवर जें लिहिलें तें वर्गांतून घरीं येतां येतां सुचलेले विचार होत, आणि ते एवढ्यावरच राहिले असते तर आम्हीं हा लेख लिहिलाच नसता. पण वर्गांतील बाईंनीं गृहपाठ दिला: अपूर्ण भूतकाळ वापरून आपल्या बालपणाविषयीं पांच वाक्यें लिहा. हा गृहपाठ जगभर देत असावेत, कारण बालपण आणि हा काळ एकमेकांसाठींच घडविल्यासारखे आहेत. आम्हीं लिहिलें: आम्ही लहान गांवांत राहत असूं, आई पहांटे उठे, आम्ही नदींत पोहत असूं. चौथ्या वाक्यासाठीं ‘आबा’चा सराव करावा म्हणून ‘पेगार’, म्हणजे मारणें, हें नियमित क्रियापद घेतलें आणि लिहिलें, ‘मि पाद्रे मे पेगाबा’: वडील मला मारीत. हें वाक्य आमच्या तोंडचें जुनें वाक्य होतें. तें आम्हीं पत्नीस सांगितलेलें होतें, मुलांस सांगितलेलें होतें, आणि शिक्षेच्या तत्त्वावर व्याख्यान देतांना विद्यार्थ्यांसहि सांगितलेलें होतें. पुस्तकांत लगेच पुढें सूचना होती: गोष्ट एकदांच घडली असल्यास ‘पेगो’ लिहावें. आणि आम्ही आठवूं लागलों, तों एका दुपारीखेरीज दुसरी दुपार आम्हांला आठवेना.

आमची थोरली बहीण आमच्याहून आठ वर्षांनीं मोठी. ती सांगलीस असते. तिला रात्रीं फोन केला आणि विचारलें, “अक्का, बाबा आपल्याला मारीत तें तुला आठवतं का?”

“मारीत? कोण, बाबा?” ती म्हणाली. “अरे, तुला एकदां मारलं होतं त्यांनीं. गणितं चुकलीं होतीं आणि तूं खोटं सांगितलंस म्हणून. तूं सात वर्षांचा होतास. मला तर कधींच नाहीं.” मग थोडें थांबून म्हणाली, “त्यानंतर त्यांनीं तुझा अभ्यास घेणंच सोडलं. आईला म्हणाले, आतां तूंच घेत जा, माझ्याच्यानं होणार नाहीं.”

वडिलांना जाऊन आतां दहा वर्षें होऊन गेलीं आहेत. त्या एका दुपारचा आम्हीं चाळीस वर्षें रतीब घातला होता. यांत आम्हीं जाणूनबुजून खोटें सांगितलें, असें आम्हांला अजूनहि वाटत नाहीं. मार एकदांच बसला, परंतु भीति रोजची होती: सायंकाळीं त्यांच्या चपला दारांत वाजल्या कीं आम्ही पाटी घेऊन माजघरांत जात असूं. त्या भीतीचा काळ पसरत पसरत हाताला जाऊन चिकटला. आणि आज वडिलांची बाजू घेतांना आम्हांला दुसऱ्या टोकालाहि जावयाचें नाहीं. ‘एकदां’ हा क्षमेचा शब्द नव्हे, तो मापाचा शब्द आहे. एकदां मारलें तें मारलेंच. मराठींत ‘वडिलांनीं मला मारलें’ या वाक्यांत क्रियापद ना वडिलांकडे जातें ना आमच्याकडे. ‘भावे प्रयोग’ म्हणून आम्हीं शाळेंत तें घोकलें होतें. ‘वडील मला मारीत’ म्हणतांच मात्र तें वडिलांना घट्ट धरतें. दहा वर्षांपूर्वीं गेलेल्या माणसाचा हात त्यानें असा धरून ठेवलेला होता आणि तो सोडविणें आमच्या हातीं होतें. हें कळावयास आम्हांला परभाषा शिकावी लागली, याची लाज वाटली.

आम्हीं तें वाक्य खोडलें आणि बेल्योच्या नांवाला जागून दोन्ही काळ एकत्र आणले: वडिलांनीं मला एकदां मारलें, आणि भीत असें. पहिल्या अर्ध्यांत ‘पेगो’, दुसऱ्यांत ‘तेमीआ’. ‘तेमेर’ म्हणजे भिणें, हेंहि नियमितच.

पुढच्या आठवड्यांत बाईंनीं वही परत दिली. वाक्य बरोबर होतें. फक्त ‘तेमीआ’च्या खालीं तांबडी रेघ होती आणि बाजूस लिहिलें होतें, येथें ‘मी’ हें सर्वनाम घाला, नाहींतर भीत कोण असे, तुम्ही कीं तुमचे वडील, हें कळत नाहीं. उलट वाचणारा वडीलच समजेल. बाईंचें म्हणणें व्याकरणदृष्ट्या अगदीं बरोबर आहे. अक्कानें सांगितलेलें मनांत असल्यामुळें आम्हीं तें सर्वनाम अजून घातलेलें नाहीं.